एझ्रा कॉर्नेल यांच्या दानाचा जमाखर्च

1865 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटमध्ये एक विधेयक आलं. त्यातून एक नवं विद्यापीठ निघणार होतं आणि केंद्र सरकारने राज्याला दिलेल्या जवळजवळ दहा लाख एकर जमिनीचं उत्पन्न त्या विद्यापीठाला मिळणार होतं. विधेयक मांडणारे सिनेटर अँड्र्यू डिक्सन व्हाइट शिक्षणाचं काम बघणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. पुढे तेच या विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले. पाच लाख डॉलर देऊ करणारे सिनेटर एझ्रा कॉर्नेल कृषी समितीचे अध्यक्ष होते. विद्यापीठाला नाव त्यांचं मिळालं, ते उभं राहिलं त्यांच्या शेतावर, आणि विश्वस्त मंडळात त्यांच्या थोरल्या वंशजासाठी एक खुर्ची कायमची राखून ठेवली गेली. त्यांच्या जागी आपला एखादा आमदार असता, तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांचे मथळे मराठी वाचकाला न वाचताच पाठ असते.

मथळे तेव्हाही आलेच. कॉर्नेल यांना स्वतःचं स्मारक उभारायचंय, सरकारी जमीन गिळायचीय, असं छापून आलं आणि सभागृहातही बोललं गेलं. दुसऱ्या टोकाला, विद्यापीठाच्या परंपरेने त्यांना जवळजवळ संतपद दिलं आहे. मला या दोन्ही बाजूंचं भांडण रस्ता चुकलेलं वाटतं. कॉर्नेल प्रामाणिक होते, त्याचे पुरावे भरपूर आहेत. पण सार्वजनिक जमीन एका माणसाच्या हातातून जाऊन दुसऱ्या बाजूला खासगी दान म्हणून बाहेर पडते, तेव्हा मधल्या नफ्यावर हक्क कोणाचा होता, हे त्या माणसाच्या सचोटीवरून ठरत नाही. त्यासाठी वही उघडावी लागते.

माणूस मात्र विलक्षण होता. जन्म 1807 चा, न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टरमधला. वडील कुंभारकाम करणारे, घर क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं, शाळा जेमतेम. 1828 मध्ये सुतारकामाच्या शोधात इथाका गावी आला, पीठगिरणी आणि प्लास्टरच्या गिरणीत कामाला लागला आणि गिरणीला पाणी पुरवण्यासाठी फॉल क्रीकच्या कड्यातून बोगदा काढून दिला. 1831 मध्ये मेरी अॅन वुडशी लग्न केलं. ती क्वेकर नव्हती म्हणून पंथाने बहिष्कार घातला. खेद व्यक्त कर, परत घेतो, असं सुचवण्यात आलं, पण त्याने खेद व्यक्त केला नाही. पुढे त्याच्या विद्यापीठाच्या सनदेत कोणत्याही एका पंथाचं विश्वस्त मंडळात बहुमत असू नये असं कलम आलं. त्यामागे ही जुनी जखम होती की नाही कोण जाणे, पण असायला हरकत नाही.

गिरणीचं काम गेलं तेव्हा तो एका नांगराच्या पेटंटचे हक्क विकत गावोगाव फिरला. त्या फिरतीत मेन राज्यात त्याची गाठ एफ. ओ. जे. स्मिथ या अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, माजी सदस्याशी पडली. सॅम्युअल मोर्सला वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार टाकण्यासाठी काँग्रेसने 1843 मध्ये 30 हजार डॉलर मंजूर केले होते आणि तार शिशाच्या नळीतून जमिनीखाली न्यायची होती. चर खणणारं, नळी ठेवणारं आणि माती ओढणारं यंत्र कॉर्नेलने बनवून दिलं. काम सुरू झाल्यावर कळलं की नळीतल्या तारेचं विद्युतरोधन सदोष आहे. थांबवलं तर नाचक्की होणार. तेव्हा कॉर्नेलने नांगर मुद्दाम दगडावर घालून मोडला आणि मोर्सला सबब मिळवून दिली, अशी कथा सांगितली जाते. मग तार खांबांवर चढली आणि 24 मे 1844 रोजी संदेश गेला. कॉर्नेलने मजुरीपोटी शेअर घेतले, ठिकठिकाणी स्वतः लाइन टाकल्या, वर्षानुवर्षं कर्जात काढली. 1856 मध्ये हायरम सिबली यांच्या कंपनीशी विलीनीकरण होऊन वेस्टर्न युनियन ही तार कंपनी उभी राहिली आणि कालपर्यंत उधारीवर जगणारा हा माणूस पन्नाशीत श्रीमंत झाला.

श्रीमंतीत त्याने इथाकाच्या टेकडीवर सुमारे 300 एकरांचं शेत घेतलं, शॉर्टहॉर्न जातीची गुरं पाळली, राज्याच्या कृषी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि गावाला सार्वजनिक वाचनालय दिलं. 1862 मध्ये रिपब्लिकन म्हणून विधानसभेत गेला. दोन वर्षं तिथे, मग 1864 ते 1867 सिनेटमध्ये. त्याच्या राजकारणाबद्दल एरवी फारसं सांगण्यासारखं नाही. ज्या कामाने तो इतिहासात राहिला ते या एका विधेयकाचंच.

आता जमिनीकडे येऊ, कारण सगळी गुंतागुंत तिथेच आहे.

2 जुलै 1862 रोजी लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालयं राज्यांनी काढावीत म्हणून प्रत्येक राज्याला केंद्राच्या काँग्रेसमधल्या त्याच्या प्रत्येक सिनेटर आणि प्रतिनिधीमागे 30 हजार एकर जमीन मिळायची होती. न्यूयॉर्कचे 31 प्रतिनिधी आणि 2 सिनेटर, म्हणजे 9 लाख 90 हजार एकर. देशातला हा सर्वांत मोठा वाटा. पण न्यूयॉर्कच्या हद्दीत केंद्राची जमीन शिल्लक नव्हती. अशा राज्यांना स्क्रिप मिळाली. ही एक प्रकारची हुंडी होती. ती ज्याच्या हातात असेल त्याने पश्चिमेकडच्या सरकारी जमिनीतला आपल्या पसंतीचा तुकडा निवडावा. कायद्यात एक मेख होती. राज्याने स्वतः दुसऱ्या राज्यात जमीन निवडून धरून ठेवायची नाही, स्क्रिप विकूनच टाकायची. सगळी राज्यं एकदमच विकायला निघाली आणि भाव कोसळला. सरकारी जमिनीचा किमान दर एकरी सव्वा डॉलर असताना बऱ्याच राज्यांनी स्क्रिप 50-60 सेंटला फुंकून टाकली. न्यूयॉर्कने थोडी 85 सेंटला विकली, नंतर त्या भावाला गिऱ्हाईक मिळेना.

या जमिनीवर डोळा ठेवणाऱ्या संस्था काही कमी नव्हत्या. सुरुवातीला ती हवाना गावच्या पीपल्स कॉलेजला अटींवर दिली गेली होती, पण त्या कॉलेजला अटी पाळता आल्या नाहीत. कॉर्नेल स्वतः ओव्हिडच्या कृषी महाविद्यालयाचे विश्वस्त होते आणि निम्मी जमीन त्याला मिळावी असा प्रस्ताव त्यांनीच आणला होता. व्हाइट यांना तुकडे नको होते. प्रस्ताव दोघांच्या समित्यांकडे संयुक्तपणे गेला आणि व्हाइट यांनी बैठकच होऊ दिली नाही. नामंजूर न करता मारायची ही रीत सगळ्या विधिमंडळांत सारखीच दिसते! पण त्यातूनच कॉर्नेल यांचं मत फिरलं आणि सगळी जमीन एका ठिकाणी ठेवून वर पाच लाख डॉलर आणि शेत द्यायला ते तयार झाले.

पंथांच्या महाविद्यालयांनी विधेयकाला कडाडून विरोध केला. लिमा गावच्या जेनेसी कॉलेजच्या पाठीराख्या सदस्यांनी मतांची किंमत सांगितली: कॉर्नेल यांनी त्या कॉलेजला 25 हजार डॉलर द्यावेत. ही खंडणी टेबलाखालून दिली गेली नाही, ती कायद्यातच अट म्हणून लिहिली गेली. कॉर्नेल यांनी ती भरली आणि 27 एप्रिल 1865 रोजी गव्हर्नर फेंटन यांनी सही केली. हा निर्लज्जपणा होता, पण उघड होता, आणि उघड असल्यामुळेच तो आज आपल्याला दिसतो. सनदेत जनतेच्या बाजूचीही एक ठोस अट होती: राज्याच्या प्रत्येक विधानसभा मतदारसंघातून दर वर्षी एक विद्यार्थी विनाशुल्क घ्यायचा. तेव्हा 128 मतदारसंघ होते.

खरा व्यवहार 1866 चा. राज्याला जमीन धरून ठेवता येत नव्हती, पण एका नागरिकाला येत होती. कॉर्नेल यांनी राज्याशी करार केला. उरलेली स्क्रिप ते एकरी 30 सेंटने घेतील, नफा झाला तर आणखी 30 सेंट देतील. ती वापरून जमीन निवडतील, पाहणीचा आणि कराचा खर्च स्वतः सोसतील, भाव चढेपर्यंत थांबतील आणि जो नफा होईल तो सगळा विद्यापीठाला देतील. स्वतःसाठी एक सेंटही नाही. या करारावर त्यांनी विस्कॉन्सिनमध्ये, मुख्यतः चिपेवा नदीच्या खोऱ्यात, सुमारे पाच लाख एकर पांढऱ्या पाईनचं जंगल निवडलं.

या करारातली हुशारी मला खरोखर थक्क करते. 30 अधिक 30 सेंटची रक्कम मॉरिल निधीत जमा होणार, म्हणजे तिच्यावर केंद्राच्या कायद्याची बंधनं: मुद्दल अखंड ठेवायची, इमारतींवर खर्चायची नाही. त्यावरचा सगळा नफा मात्र ‘एझ्रा कॉर्नेल यांची देणगी’ म्हणून वेगळ्या खात्यात येणार आणि त्यावर ती बंधनं नाहीत. जंगल तेच, पैसा त्याच झाडांचा, पण एका माणसाच्या सहीखालून जाताना त्यातल्या मोठ्या हिश्शाने रंग बदलला. सार्वजनिक संपत्ती आत गेली आणि खासगी औदार्य बाहेर आलं.

यावर हरकत घेणारे म्हणतील की ही चलाखी कोणाच्या फायद्याची होती? विद्यापीठाच्याच ना? हो, आणि कॉर्नेल नसते तर न्यूयॉर्कची स्क्रिपही इतरांसारखीच दलालांच्या घशात गेली असती, हेही खरं. जमीन लोकांनाच मिळाली असती असं धरून त्यांच्यावर टीका करणं भाबडेपणाचं आहे. त्यांनी जोखीम घेतली आणि तिची किंमत मोजली. कर भरता भरता ते आणि विद्यापीठ दोघंही मेटाकुटीला आले. इथाकाला रेल्वे आणण्याच्या हट्टात त्यांची बरीचशी संपत्ती बुडाली, आणि 9 डिसेंबर 1874 रोजी मरण्यापूर्वी त्यांनी करार विद्यापीठाच्या स्वाधीन केला. नंतर विश्वस्त हेन्री सेज यांनी विक्री रोखून धरली. भाव आला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत विद्यापीठाला या जमिनींतून सुमारे 50 लाख डॉलर सुटले. सेज स्वतः मोठे लाकूड व्यापारी होते हे इथे नोंदवायला हवं. लाकडाचा बाजार कळणारा माणूस जमिनीच्या समितीवर असणं उपयोगाचं आणि धोक्याचं, दोन्ही.

1873 मध्ये कॉर्नेल यांच्यावर सरळ आरोप झाला की ते या व्यवहारातून गब्बर होत आहेत. गव्हर्नर डिक्स यांनी चौकशी आयोग नेमला. त्यात माजी गव्हर्नर होरेशिओ सेमूर होते, कॉर्नेल यांच्या विरोधी पक्षाचे, आणि विल्यम व्हीलर होते, जे पुढे अमेरिकेचे उपाध्यक्ष झाले. आयोगाने वह्या तपासल्या आणि कॉर्नेल निर्दोष ठरले. इथे भक्तमंडळी पूर्णविराम देतात. मी देत नाही, कारण आयोगापुढचा प्रश्न एवढाच होता की पैसा कॉर्नेल यांच्या खिशात गेला का. तो गेला नव्हता. पाईनचं जंगल मुळात कोणाचं, हा प्रश्न आयोगाला कोणी विचारला नव्हता, आणि विचारू शकतील असे लोक राजधानी ऑल्बनीच्या मतदारयादीत नव्हते.

त्या नफ्याच्या मालकीचा एक कोपरा शेवटी सर्वोच्च न्यायालयात उघडा पडला, तोही भलत्याच निमित्ताने. सेज यांचे व्यवसायातले सहकारी जॉन मॅकग्रॉ, त्यांची मुलगी जेनी. ती 1881 मध्ये वारली आणि तिने संपत्तीचा मोठा भाग विद्यापीठाला ठेवला. सनदेप्रमाणे विद्यापीठाला 30 लाख डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता धरता येत नव्हती. तिचे पती विलर्ड फिस्क, विद्यापीठाचेच ग्रंथपाल, न्यायालयात गेले. आता विद्यापीठाची पंचाईत झाली. विस्कॉन्सिनच्या जमिनींचा नफा आपला म्हणावा तर मर्यादा ओलांडली जाते. सार्वजनिक विश्वस्त निधी म्हणावा तर वाचतो, पण मग इतकी वर्षं ज्याला देणगी म्हटलं त्याचं काय? 1890 मध्ये विद्यापीठ हरलं. तो पैसा विद्यापीठाच्या स्वतःच्या मालमत्तेतच धरला गेला. ज्या करामतीने पैसा मोकळा झाला होता, तिनेच मृत्युपत्र गमावलं. मला या निकालात एक न्याय दिसतो, पण तो फक्त विद्यापीठ आणि विधुर यांच्यातला.

विस्कॉन्सिनचे लोक वेगळ्या कारणाने चिडलेले होते. त्यांच्या काउंट्यांमधली लाखो एकर जमीन शेकडो मैलांवरच्या एका विद्यापीठाने भाव चढेपर्यंत अडवून ठेवली होती. रस्ते आणि शाळा गावांनी उभ्या करायच्या आणि त्यामुळे वाढलेली किंमत इथाकाला जायची. म्हणून त्यांनी या बाहेरच्या मालकावर कर लादण्याची एकही संधी सोडली नाही. विस्कॉन्सिनला याच कायद्याने स्वतःचे 2 लाख 40 हजार एकर मिळाले होते, ते त्याने घाईने स्वस्तात विकले. म्हणजे विस्कॉन्सिनच्या जंगलांनी विस्कॉन्सिनच्या विद्यापीठापेक्षा न्यूयॉर्कच्या विद्यापीठाला कितीतरी जास्त दिलं. तरी या तक्रारीशी माझी सहानुभूती अर्धीच आहे, कारण तक्रार करणारेही तिथे कालपरवाच आले होते.

ते जंगल ओजिब्वे या मूळ रहिवासी लोकांचं होतं. 1837 आणि 1842 च्या करारांनी त्यांनी उत्तर विस्कॉन्सिनचा प्रदेश अमेरिकेच्या सरकारला सोडला, पण शिकारीचा, मासेमारीचा आणि जंगली भात गोळा करण्याचा हक्क राखून. 1850 मध्ये सरकारने त्यांना पश्चिमेला हुसकावण्यासाठी जमिनीच्या बदल्यात मिळणारी वार्षिक रक्कम वाटण्याची जागाच बदलून मिनेसोटातल्या सँडी लेकला नेली. हिवाळा तोंडावर, रक्कम वेळेवर आली नाही, शिधा खराब निघाला. तिथे आणि परतीच्या वाटेवर सुमारे 400 माणसं मेली. 1854 च्या करारात त्यांना राखीव वस्त्या मिळाल्या. त्यानंतर बाराच वर्षांनी कॉर्नेल यांचा करार झाला.

‘त्या काळाच्या मापाने बघा,’ हे या टप्प्यावर हमखास ऐकायला मिळतं. बघू या. कॉर्नेल क्वेकर घरातले, गुलामगिरीच्या विरोधातल्या पक्षाचे. अन्याय म्हणजे काय हे त्यांना कळत नव्हतं असं म्हणणं हा त्यांचा अपमान ठरेल. शिवाय तो काळ संपलेलाही नाही. 1983 मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने 1837 आणि 1842 च्या करारांतले शिकारीचे आणि मासेमारीचे हक्क आजही जिवंत आहेत असा निर्णय दिला. कराराची एक बाजू दीडशे वर्षांनी कायदा म्हणून उभी राहू शकते, तर दुसऱ्या बाजूने त्याच जमिनीतून उचललेल्या पैशाला ‘इतिहास’ म्हणून मिटवता येत नाही. विद्यापीठांचे निधी मरत नाहीत. त्यांचं व्याज आजच्या वर्गखोल्यांत खर्च होत असतं.

या सगळ्याशी आपला संबंध फक्त वाचकाचा नाही. वर्ध्याचे क्रांतिकारक आणि कृषितज्ज्ञ पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेती शिकले ते ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या, मॉरिल कायद्यातूनच निघालेल्या महाविद्यालयांत. राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथली आपली कृषी विद्यापीठं ज्या साच्यावर बेतली, शिक्षण, संशोधन आणि शेतकऱ्यापर्यंत विस्तार एकाच छताखाली, तो साचा मॉरिल कायद्याचा. मुंबईचे रतन टाटा कॉर्नेल विद्यापीठातच वास्तुकला शिकले आणि 2008 मध्ये टाटांच्या न्यासाने त्या विद्यापीठाला पाच कोटी डॉलर दिले, त्यातले निम्मे भारतीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी. इथून तिथे जाऊन शिकणारा मराठी मुलगा त्या पाईनच्या झाडांचा थोडा का होईना लाभधारक आहे. म्हणून कॉर्नेल यांना खलनायक ठरवून हात झटकायची सोय आपल्यालाही नाही.

मग मागायचं काय? जमीन परत, ही मागणी न्याय्य आहे, पण ती जमीन विद्यापीठाने कधीच विकली, तिचे हजारो मालक झाले. दानशूर आमदारांवर बंदी घालावी, असंही मला वाटत नाही. कॉर्नेल आणि व्हाइट सिनेटमध्ये नसते तर ते विद्यापीठ झालंच नसतं. मात्र ज्याचं नाव संस्थेला लागणार आहे त्याने समितीची खुर्ची सोडावी, आणि वंशपरंपरेची विश्वस्ताची जागा तर कुठल्याही सार्वजनिक जमिनीवर उभ्या राहिलेल्या संस्थेत नसावी. कॉर्नेल विद्यापीठात ती आजही आहे. कोट्यवधींचं दान देणाऱ्यालाही मत एकच असावं आणि ते त्याच्याबरोबर संपावं, एवढी माझी साधी अपेक्षा.

आणि परतफेड. कॅलिफोर्निया विद्यापीठाने 2022 पासून त्या राज्यात राहणाऱ्या, केंद्राची मान्यता असलेल्या आदिवासी जमातींच्या विद्यार्थ्यांचं शिक्षणशुल्क माफ केलं. मिनेसोटा विद्यापीठानेही त्याच वर्षी तशी योजना आणली. त्या राज्यात ओजिब्वेंच्या मोठ्या वस्त्या आहेत. कॉर्नेल विद्यापीठाला तर नवी कल्पना शोधायचीही गरज नाही. त्याच्या 1865 च्या सनदेत तोच विचार आहे, फक्त लाभार्थी न्यूयॉर्कचे होते. ज्यांनी एक सेंटची जमीन दिली नाही अशा 128 मतदारसंघांना दर वर्षी एकेक विनाशुल्क जागा देण्याचं या विद्यापीठाने स्थापनेच्या दिवशी मान्य केलं होतं. विस्कॉन्सिनमध्ये ओजिब्वे जमातींची संख्या सहा आहे.